मिलनं नेलेले कान

स्मृति नगर, भिलाई
१२ फेब्रुवारी २०२३

कमलाताईले चंपतचा जयभीम.

मोबाईल असून हा भाऊ पत्र काहून लिहून राहिला, असं तुले वाटन. इकडचा टॉवर खराब झाला वो ताई. तुह्या आवाजाच्या जागी नुसतं फुसफुस येते. त्यात तू विचारलं एक अन् माह्याकडून उत्तर गेलं दुसरंच, तर भावाबहिणीत उगीच भांडण. कागदावर कसं, अक्षर दिसते. म्हणून आता पत्रच लिहीत जाऊ.

काम असं आहे की सुनेच्या टाचा फाटल्या. भेगा अशा की त्यात चवन्नी उभी राहील. प्रेमानंदनं दुकानातून बायकोसाठी मलम आणलं, ट्यूबवर गोऱ्या बाईच्या पायाचा फोटो आहे, पण आमच्या सुनेच्या पायाले त्याचा काही फायदा नाही. माहं बी पोट जेवल्यावर फुगते. दोन्हीचं औषध सांग. मायच्या हातचं सारं ज्ञान तुह्याजवळ राहिलं. मी भिलाईले आलो अन् लोखंड शिकलो.

आता आनंदाची गोष्ट. आपल्या नातीचं, मोनालीचं लग्न पक्कं झालं. पोरगा अमरदीप, वैशाली नगरचा, रेल्वेत असिस्टंट लोको पायलट आहे. रविवार, ७ मे. लग्न विहाराच्या पटांगणात होईल अन् लावेल विहारातला भूषण. तुले माहीत आहे, पंचवीस वर्षं इथल्या आपल्या समाजाची लग्नं मीच लावली. त्रिशरण, पंचशील, मंग नवरा-नवरीच्या पाच-पाच प्रतिज्ञा. एकेक प्रतिज्ञा मी वाचावी, त्यायनं म्हणावी, मी ऐकून घ्यावी अन् पुढची द्यावी. पण तरुण पोरायले बी संधी भेटली पाहिजे ना? मीच कमेटीले तसं म्हटलं. गेल्या रविवारी जामुलले लावलं, ते माहं शेवटचं. चांगलं झालं. नवरी जरा लाजाळू होती, एवढंच.

बाकी ठीक. आजकाल लोकायनं हळू बोलायची फॅशन काढली आहे. टीव्हीवरचे बातम्यावाले बी तोंडातल्या तोंडात बोलतात.

तुहा भाऊ,
चंपत


पुलगाव
२० फेब्रुवारी २०२३

चंपत,

जयभीम. पत्र भेटलं. नातसून करिष्मा वाचून दाखवते म्हणे, मी तिच्या हातून घेतलं. सातवा महिना लागला तिले, तिनं आराम करावा. मले अजून चष्म्यानं सारं दिसते.

टाचांचं ऐक. मोहाच्या बियांचं तेल तुमच्याकडे बाजारात भेटते. वाटीभर तेलात सुपारीएवढं मेण वितळव अन् थंड होऊ दे. सुनेनं कोमट पाण्यात मूठभर मीठ टाकून पाय बुडवून बसावं, खरबरीत दगडानं हळू घासावं, कोरडे करावे, मेण भरावं, वरून सुती मोजे. आठ दिवसांत टाच लेकराच्या गालासारखी होते. पण ती साबणाच्या पाण्यात अनवाणी उभी राहून फरशी धूत असन, तर माह्या औषधाले दोष देऊ नको. चप्पल घाल म्हणा.

पोटासाठी ओवा तव्यावर भाज, त्यात काळं मीठ अन् चिमूटभर हिंग, वरून कोमट पाणी. हे झालं अर्धं औषध. उरलेलं अर्धं म्हणजे चार पोळ्या अन् लाल तर्री हाणून लगेच आडवं व्हायचं नाही. उठून गल्लीत दोन चकरा मारायच्या. जिभेचे लाड तू करशील अन् निस्तरायचं पोटानं?

आता टॉवरची गोष्ट. जानेवारीत मी फोन केला होता. मी विचारलं, "गुडघा कसा आहे?" तू म्हणाला, "दोन किलो आणले." मी विचारलं, "सून कुठं गेली?" तू म्हणाला, "हो, थंडी कमी झाली." मंग त्याच फोनवर मोनाली बोलली तर तिचा शब्द न् शब्द साफ. टॉवर माणूस पाहून खराब होते काय रे?

अन् तू आपल्या नातीचं लग्न दुसऱ्याले लावू देऊन राहिला? ती पाळण्यात होती तेव्हापासून तू साऱ्यायले सांगत होता, हिच्या लग्नाले बोलायले मीच उभा राहीन. तू काहीतरी झाकून राहिला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, लेका. खरं लिही.

कमला


स्मृति नगर, भिलाई
२ मार्च २०२३

कमलाताईले जयभीम.

तुहं औषध म्हणजे औषध! सून काल सँडल घालून बाजारात गेली अन् येताना शेजारच्या दोघींले मेणाची वाटी दाखवून आली. माहं पोट बी जाग्यावर आहे. ओवा खातो, चकरा मारतो.

बाकी तू उगीच शंका घेते. वय झालं की माणसानं जागा सोडावी, त्यात झाकायचं काय आहे? जामुलचं जसं लिहिलं तसंच होतं. तोंड आलं तर काय लावावं, तेवढं कळव. अन् करिष्माची तब्येत सांभाळ.

तुहा भाऊ,
चंपत


(त्याच पाकिटात, वहीच्या पानावर)

कमलाआजी, जयभीम.

आबांनी पत्र पोस्टात टाकायला दिलं, चिकटवायच्या आधी मी ही चिठ्ठी आत टाकतेय. माझी मराठी बोलने में ठीक है, लिखने में गडबड होती है, समजून घ्या.

जामुलला काय झालं ते आबा सांगणार नाहीत. नवरीने तिसरी प्रतिज्ञा म्हटली, एकदम साफ. मी मागे बसून ऐकली. आबांना ऐकू नाही आली. म्हणाले, "बेटा, जोरात." तिने परत म्हटली. परत "जोरात." चार बार, आजी! नवरदेवाचे दोस्त हसायला लागले, किसी ने सीटी मारी. नवरी रडायला लागली. मग तिच्या मामांनी आबांच्या हातातून माइक काढून घेतला. आबा स्टेजवर तसेच उभे, हात तसाच पुढे.

दुसऱ्या दिवशी बाबारावकाका आले, विहार कमेटीचे अध्यक्ष. बोले, "चंपतभाऊ, आता आराम करा." माझ्या लग्नाच्या पत्रिकेत पण भूषणदादाचं नाव छापायला दिलं.

आबा बाथरूममध्ये नळ सोडून रडले. त्यांना वाटलं, नळाच्या आवाजात कोणाला कळणार नाही. पण नळ इतका बारीक सोडला होता की सगळं ऐकू येत होतं. त्यांना नळच ऐकू येत नाही ना.

घरात सब बोलते हैं, चौतीस साल रोलिंग मिलमध्ये काढले, मिलनं कान नेले, अब क्या होगा. आमच्या इकडे आधे रिटायर्ड लोग ऐसेच आहेत. पण मला माझं लग्न आबांकडूनच लावायचं आहे. प्लीज, काही तरी उपाय सांगा.

तुमची मोनाली


पुलगाव
९ मार्च २०२३

चंपत,

आधी हे वाच. मोनालीवर रागावला तर माह्याशी गाठ आहे.

माह्या भावाच्या हातून भर मंडपात माइक काढून घेतला अन् मी इथं बसून त्याच्या सुनेच्या टाचांले मेण लावून राहिली! रोग रेड्याले अन् औषध पखालीले. तू नळ सोडून रडला हे वाचलं तेव्हा मले बी रडू आलं. करिष्मा घाबरून विचारे, आजी काय झालं. मी म्हटलं, माहा भाऊ साठीनंतर बी मूर्ख राहिला. साऱ्या समाजाले चौथं शील देते, खोटं बोलणार नाही म्हणून, अन् सख्ख्या बहिणीले टॉवर दाखवते.

मिलनं कान नेले म्हणता तुम्ही सारे. मले सांग, कधी नेले? तू रिटायर झाला २०१६ मध्ये. २०२० च्या जानेवारीत पुलगावले आला होता. मी चुलीपाशी पुटपुटली, "याले आता पाचवी भाकर नको द्यायले." तू बाहेरच्या खाटेवरून ओरडला, "ताई, ही चौथीच आहे, मी मोजून राहिलो!" मंग मिल सुटल्यावर चार वर्षं शाबूत असलेले कान मिलनं मागून येऊन नेले काय? ती मिल आहे का चोर?

आता मी विचारते त्याचं खरं खरं उत्तर दे. कान दुखतात काय? पाणी, पू येते काय? चक्कर? एका दिवशी एकदम गेले की हळूहळू? रोज सारखे असतात की कधी कमी, कधी जास्त? अन् कानात काय काय खुपसते? "काहीच नाही" असं लिहू नको. या जगात कानात काही खुपसत नाही असा पुरुष मी पाहिला नाही.

माहं पत्र येईपर्यंत कानात काही टाकायचं नाही. लसूण नाही, कांद्याचा रस नाही, कोणी काही सांगो. तोंड आलं तर तूप लाव. पण तुहं तोंड आलं नाही, तू गोष्ट बदलायले विचारलं, हे मले समजते.

कमला


स्मृति नगर, भिलाई
१९ मार्च २०२३

ताई, जयभीम.

मोनालीले काही म्हटलं नाही. तिच्यासमोर तुहं पत्र वाचलं अन् ती माह्या तोंडाकडे पाहत बसली. लाज वाटली वो. माइक हातून गेला हे कागदावर लिहायचं तर हात चालत नव्हता. आपण पंचवीस वर्षं ज्या मंडपात मानानं उभे राहिलो, तिथं पोरं शिट्या वाजवतात, हे कोणाले सांगावं?

कान दुखत नाहीत. पाणी, पू काही नाही. चक्कर नाही. उजवा आधी गेला, दीडेक वर्ष झालं, मंग डावा, हळूहळू. अन् एक गोष्ट खरी आहे, रोज सारखे नसतात. डोक्यावरून आंघोळ केली की दडे बसतात ते दोन दिवस सुटत नाहीत.

खुपसतो. स्कूटरची चाबी. कधी माचिसची काडी. अन् बोळा. आम्ही मिलमध्ये गरम रूळ निघताना मशीन पुसायच्या सुताचा बोळा करून कानात घालत होतो, तुले काय सांगू तो आवाज, छातीत वाजे. ती सवय गेली नाही. आता बी स्कूटर चालवताना, थंडीत, कूलरसमोर, कापसाचा बोळा घातल्याशिवाय मले चैन पडत नाही.

माह्यासोबत मिलमध्ये नत्थू होता, तुले आठवत असन, जाड मिशांचा. तो म्हणते, "मिलच्या माणसाचे कान जाणं म्हणजे मेडल आहे, चंपत." आम्ही चार रिटायर लोक चौकात बेंचवर बसतो, चौघंही ओरडून बोलतो, कोणालेच काही ऐकू येत नाही अन् कोणाचंच काही अडत नाही. तिथं बरं वाटते. घरी आलो की मात्र साऱ्यायचे ओठ हलतात अन् मी हसून मान डोलवतो.

आता मनातलं सांगतो. प्रेमानंद दोन वेळा म्हणाला, बाबा डॉक्टरले दाखवू. मी गेलो नाही. जोवर डॉक्टर म्हणत नाही की कान गेले, तोवर थोडी आशा राहते. त्यानं म्हटलं की शिक्का बसला. मोनालीच्या लग्नात मी खुर्चीवर बसून भूषणचे ओठ पाहीन, हे ठरल्यासारखंच आहे. पण शिक्का नको वाटते. तुह्या भावाले भीती वाटते, ताई.

चंपत


पुलगाव
२७ मार्च २०२३

चंपत, माह्या राजा,

भीती वाटते म्हणून लिहिलं, बरं केलं. आता माहं ऐक.

आंघोळ केली की दडे बसतात हे वाचलं अन् मी खाटेवरून उठून उभीच राहिली. अरे वेड्या, मिलनं नेलेल्या कानाले आंघोळीशी काय घेणं? पाणी पिऊन फुगते तो मळ! माणसाचा कान मळ आपोआप बाहेर टाकते. तू चाबीनं त्याले आत ढकलते, वरून बोळ्यानं ठासते. दीड वर्ष नाही, तू सात-आठ वर्षं बंदूक भरून राहिला. मले शंभरातले नव्वद टक्के असं वाटते. दहा टक्क्यांसाठी डॉक्टर आहे.

म्हणून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरले दाखव. त्यानं तेल चालते म्हटल्याशिवाय थेंब टाकायचा नाही. कानाचा पडदा फाटका असला तर तेल आत जाऊन नासाडी करते. आपल्या मायनं मले हेच शिकवलं, घरचं औषध कधी करू नये हे ज्याले समजते, त्यानंच करावं.

तो हो म्हणाला तर साधं खोबरेल तेल घे, वासाचं नाही. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट कर. गॅसवर तापवायचं नाही. थेंब आधी मनगटावर टाकून पाहा, लेकराले दूध पाजायच्या आधी पाहतात तसा. कुशीवर निज, मोनालीनं तीन थेंब टाकावे, दहा मिनिटं हलू नको. मंग दुसरी कूस. सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. मधात अजून बहिरा होशील. भिऊ नको, मळ भिजून फुगते. नंतर डॉक्टरच काढेल, तू नाही. चाबी मोनालीजवळ दे. बोळे चुलीत.

अन् तो म्हणालाच की कान गेले, तर मशीन लावू. चष्मा लावून वंदना वाचते तेव्हा तुले कोणी हसलं काय? मशीन बी कानाचा चष्माच आहे. पण न दाखवता हरला, तर मी तुह्याशी बोलणार नाही, पत्रात बी नाही.

तुही ताई,
कमला


स्मृति नगर, भिलाई
१० एप्रिल २०२३

ताई! ताई! ताई!

मले ऐकू येऊन राहिलं!

कालच फोन करणार होतो, पण मोनाली म्हणे, आबा, आजीला पहिले लिहा, त्यांनी इतकं लिहिलं. म्हणून बसलो. पेनाचा कागदावर आवाज येते, तुले माहीत आहे काय? मी विसरून गेलो होतो. खर्र खर्र येते.

पहिल्यापासून सांगतो. मोनालीनं तिच्या स्कूटीवर बसवून दुर्गले नेलं. डॉक्टरनं बत्ती लावून कानात पाहिलं अन् म्हणे, "चाचा, ये कान है कि सीमेंट का गोदाम?" हे मोनालीनं मले नंतर लिहून दाखवलं. पडदा काही दिसेना. त्यानं विचारलं, कधी कान वाहिला, दुखला, ऑपरेशन झालं? मी म्हटलं, काहीच नाही. मंग तो औषध लिहायले लागला तर मोनालीनं तुहं पत्र त्याच्यासमोर ठेवलं अन् वाचून दाखवलं. तो हसला अन् म्हणे, "आपकी दीदी ने सही लिखा है. नारियल तेल ही डालिए, पाँच दिन बाद आइए." ताई, शिकलेला डॉक्टर तुह्या पत्रावर हो म्हणाला!

तिसऱ्या दिवशी दोन्ही कान ठार बंद झाले. सून समोर ताट वाजवे अन् मले काही नाही. तू लिहिलं होतं तरी माहा धीर सुटला. तुले रागानं एक पत्र लिहिलं अन् फाडून टाकलं. मोनाली मात्र तेलाची वाटी घेऊन यायची चुकली नाही.

सहाव्या दिवशी डॉक्टरनं कोमट पाण्याची पिचकारी मारली. उजव्यातून चण्याएवढा काळा गोळा पडला अन् त्यात कापसाचा धागा. केव्हाचा होता कोण जाणे. डाव्यातून त्याच्या दीडपट. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, ओरडू नका ना." तो म्हणे, "चाचा, मैं तो धीरे बोल रहा हूँ." अन् मी तिथंच खुर्चीवर बसून ढसढसा रडलो. मशीनवर बी तपासलं. वयानं थोडं कमी झालं म्हणे, बाकी कान चांगले आहेत. मिलनं काही नेलं नव्हतं, ताई. मीच कोंबून ठेवलं होतं.

घरी आलो तर घर म्हणजे बाजार! पंखा खडखड करते. फ्रिज गुरगुर करते. सुनेच्या बांगड्या वाजतात. प्रेमानंद घोरते, इतका घोरते की सून बिचारी कशी झोपत असन.

चौकात बेंचवर गेलो अन् डबी दाखवली, गोळे मी मागून घेतले होते. दुसऱ्याच दिवशी नत्थू दुर्गले. त्याच्या कानातून माह्यापेक्षा मोठा निघाला. ऐकू येते म्हणून खुश आहे, पण मेडल गेलं म्हणून माह्यावर रागावला आहे.

आता फोन लावतो. तू काही बी बोल, हळू बोल, पुटपुट.

तुहा,
चंपत


पुलगाव
१८ एप्रिल २०२३

चंपत,

फोनवर तासभर बोललो तरी लिहून राहिली, कारण फोनवर तू एक गोष्ट टाळली. मी तोंड फिरवून, पदर तोंडावर धरून हळूच म्हटलं, "लबाड आहे माहा भाऊ." तू म्हणाला, "तूच लबाड." त्या दिवशी माह्या घशाखाली घास उतरला. गल्लीत साऱ्यायले पेढे वाटले. लोक विचारत, पणतू झाला काय? मी म्हटलं, नाही, भावाले कान झाले.

पण लग्न कोण लावेल? तू म्हणाला, पत्रिका छापून झाली, आता भूषणच लावेल, जाऊ दे. कान आले अन् हिंमत गेली काय? जा अन् बाबारावले सांग.

मी येणार नाही. करिष्माचे दिवस त्याच आठवड्यात भरतात अन् पोटातलं लेकरू पत्रिका पाहून येत नाही. म्हणून लग्नाचं मले फोनवर सांगू नको. सारं लिहून पाठव. फोनवरचं एकदा ऐकलं की संपते. पत्र मी चार दिवस वाचीन.

कमला


स्मृति नगर, भिलाई
२६ एप्रिल २०२३

ताई, जयभीम.

मी मागायले गेलो नाही. भूषण चांगला पोरगा आहे, महिनाभर पाठ करून राहिला. माह्या नातीसाठी त्याचा पाणउतारा मी करू काय? मी ठरवलं होतं, खुर्चीवर बसू अन् ऐकू, तेवढं बी पुष्कळ आहे.

पण रविवारी भूषण घरीच आला, प्रेमानंदसमोर एकदा म्हणून पाहायले. ते दोघं समोरच्या खोलीत, मी आत किचनमध्ये ओवा भाजून राहिलो. पंखा चालू, कुकर चालू, सून भांडी घासून राहिली. त्यानं पंचशील सुरू केलं. पहिलं, दुसरं, तिसरं अन् एकदम पाचवं. मी तव्याजवळूनच ओरडलो, "भूषण! चौथं शील कुठं ठेवून आला बे?"

मंग भूषण किचनच्या दारात येऊन उभा राहिला. "काका, तुम्ही इथून ऐकलं?" मी म्हटलं, "ऐकलं. अन् दर ओळीले थूक गिळते, ते बी ऐकलं." तो तिथंच फरशीवर बसला अन् हसायले लागला. "काका, मला महिन्यापासून झोप नाही. तुम्ही समोर बसणार अन् मी तुमच्या नातीचं लग्न लावणार! चला, आत्ता चला."

मोटरसायकलवर बसवून बाबारावच्या घरी नेलं. बाबाराव फाटकाशी होता. आम्हाले पाहून त्यानं मान आत वळवली अन् बायकोले हळूच म्हणाला, "आला भांडायले." मी फाटकाबाहेरूनच म्हटलं, "भांडायले नाही, बाबाराव. लग्न लावायले आलो."

बाबारावचं तोंड पाहायले तू पाहिजे होती! त्यानं चहा पाजला, दोन वेळा हळू बोलून माही परीक्षा घेतली, अन् म्हणे, "पत्रिकेचं काय, पत्रिका लोक वाचतात कुठं?" लग्न मी लावणार. भूषण बाजूले उभा राहील.

तुहा,
चंपत


स्मृति नगर, भिलाई
९ मे २०२३

ताई,

जयभीम. पणतू झाल्याचं तुह्या फोनवर ऐकलं अन् त्याचं रडणं बी ऐकलं. आवाज खणखणीत आहे, तुह्यावर गेला. आता लग्नाचं ऐक, सारं लिहितो.

ऊन असं की मंडपाचं कापड तापून वास येत होता. आठ कूलर लावले होते, भर आवाजात. माणूस चारशेच्या वर. सुनेनं माहा पांढरा सदरा दोन वेळा इस्त्री केला. मी स्टेजवर चढलो अन् आधी लोकायकडे पाहिलं. जामुलचे लोक बी आले होते, माइक घेतला ते मामा दुसऱ्या रांगेत. माह्याकडे पाहून त्यायनं मान खाली घातली. मी हात जोडले, त्यायनं बी जोडले.

त्रिशरण झालं, पंचशील झालं, पाचही. मंग प्रतिज्ञा. आधी नवरदेव. अमरदीपनं तीन चांगल्या म्हटल्या. चौथी आहे, घरातला अधिकार बायकोच्या हाती देईन. तिथं पोरगा मिशीतल्या मिशीत गेला. 'अधिकार' हा शब्दच गिळला. कूलरच्या आवाजात कोणाच्या ध्यानात आलं नाही. मी म्हटलं, "जावईबापू, सारं आलं, अधिकार कुठं राहिला? तो दिल्याशिवाय पाचवी भेटत नाही." अख्खा मंडप हसला! सर्वांत जास्त टाळ्या त्याच्या मायनं वाजवल्या. पोरगा लाल झाला अन् असा कडक आवाजात बोलला की रस्त्यावर ऐकू गेलं असन.

मंग मोनाली. चार प्रतिज्ञा तिनं कशा म्हटल्या म्हणून सांगू! एकही अक्षर डळमळलं नाही. मी पाचवी वाचली अन् तेवढ्यात लाइट गेली. माइक बंद, कूलर बंद, अन् चारशे लोकायचा एकदम गलका. लेकरं रडून राहिली, कोणी जनरेटरले शिव्या देऊन राहिलं. मोनालीनं माह्याकडे पाहिलं. तिचा गळा भरून आला होता. तिनं पाचवी प्रतिज्ञा म्हटली, ताई, पण आवाज म्हणून नव्हताच. अमरदीप तिच्या खांद्याले खांदा लावून उभा, त्यालेही ऐकू गेली नाही.

मागून लोक ओरडले, "आवाज नाही आला! परत म्हणू द्या!" बाबाराव खालून हातानं खूण करून राहिला, परत, परत. भूषण माह्या कानाशी येऊन म्हणे, "काका, परत म्हणायला लावू?"

मी हात वर केला. चौतीस वर्षं मिलच्या आवाजावरून ओरडलेला गळा आहे माहा, मले माइक कशाले पाहिजे? मी म्हटलं, "कोणी परत म्हणणार नाही. नवरीनं म्हटलं अन् मी ऐकलं."

मी प्रतिज्ञा मान्य म्हणून 'साधू' म्हटलं, अन् चारशे लोकायनं तीन वेळा साधू म्हटलं. मोनाली रडता रडता हसली.

तिचा तो आवाज एकट्या माह्या कानाले आला, ताई.

तुहा भाऊ,
चंपत